मडकं, गाडगं आणि एक स्टिकर

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या तोंडापासून करतो.

दहावीत असताना, अकोल्यात, माझं नाव 'मडकं' पडलं होतं. तोंड गोल, रंग काळा. चार पोट्टे चिडवायचे, मी दोन शिव्या घालायचो, विषय संपायचा. मग कोणीतरी माझ्या फोटोतलं डोकं कापून मडक्यावर बसवलं आणि त्याचं व्हॉट्सॲप स्टिकर केलं. दोन दिवसांत ते ट्युशनच्या ग्रुपवर, आठवड्यात अमरावतीच्या मावसभावाच्या मोबाइलवर. पुढे वर्षभर मी फिल्टरशिवाय एक सेल्फी काढला नाही.

मग कॉलेजला अमरावतीत आलो. हॉल तिकिटावर विद्यापीठाचं नाव: संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. लहानपणापासून ऐकलेलं नाव. पण त्या दिवशी एकदम डोक्यात आलं, गाडगं म्हणजे मडकंच की बे!

बाबांचं खरं नाव देबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, परीट घर. वडील दारूपायी लवकर गेले. आई पोराला घेऊन माहेरी आली, दापुऱ्याला. हे गाव आपल्या अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात. तिथं देबूजीनं गुरं राखली, शेती केली. अंगानं चांगला धट्टाकट्टा गडी. १९०५ मध्ये त्यानं घर सोडलं.

त्यानंतरचा अवतार तुम्ही फोटोत पाहिला असेल. अंगावर चिंध्या जोडून शिवलेला कपडा, हातात खराटा आणि एक गाडगं. जेवायला तेच, चालताना डोक्यावर पालथं तेच. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. गावात शिरले की लोकांना वाटायचं, भिकारी आला नाही तर वेडा. हे मात्र काही न बोलता गाव झाडायला लागायचे. नाव कोण विचारतो? जे दिसलं त्यावरून लोकांनीच ठेवलं. कुठं गोधडेबुवा, कुठं चिंधेबुवा, आणि आपल्याकडं गाडगेबाबा. दिसण्यावरून पडलेलं ते नाव २००५ मध्ये विद्यापीठाला लागलं. 'देबूजी' माझ्या डिग्रीवर कुठंच नाही.

हे मी मित्राला सांगितलं तर तो म्हणे, "मग झालं तर! बाबांनी मिरवलं, तू बी मिरव."

मला हे पटत नाही. बाबा मोठे माणूस होते, २८ वर्षांचे. गाडगं त्यांनी स्वतःच्या हातानं उचललं होतं. पंधरा वर्षांच्या पोरानं स्वतःचा रंग कुठं निवडलेला असतो? आणि दुसरं म्हणजे, तेव्हाचं हसू गावाच्या शिवेपाशी थांबायचं. बाबा पुढच्या गावाला निघून जायचे. त्याहून महत्त्वाचं, सकाळी हाकलणारा माणूस रात्री कीर्तनाला समोरच बसलेला असायचा. बाबांचं कीर्तन म्हणजे नुसते प्रश्न. दारू कशाला पिता, कर्ज काढून सण कशाला करता, पोराला शाळेत का घालत नाही? समोरच्याला उत्तर द्यावं लागायचं, सगळ्या गावादेखत. माझं स्टिकर कोणी बनवलं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी विचारू कोणाला?

तेव्हा मला हेही माहीत नव्हतं की अठराच्या आतल्या पोरांसाठी १०९८ नंबर आहे. मन फार खाली गेलं तर बोलायला टेली-मानस आहे, १४४१६. आणि स्क्रीनशॉट ठेवायचे असतात, पुरावा म्हणून. मी लाजेनं सगळे डिलीट केले होते. तुम्ही तसं करू नका.

बाबा २० डिसेंबर १९५६ ला गेले, अमरावतीजवळ वलगावला, प्रवासातच. समाधी गाडगेनगरात आहे. मागच्या पुण्यतिथीला मावसभावाला घेऊन गेलो होतो. बाहेर चहा पिताना त्यानं ग्रुपवर काहीतरी टाकलं आणि एकदम थांबला. म्हणे, "दादा, हे मडक्याचं स्टिकर... हा तूच आहेस का?"

इतकी वर्षं तो ते वापरत होता, चेहरा न ओळखता.

मी म्हटलं, हो. त्यानं माझ्यासमोर डिलीट केलं. ग्रुपमध्ये अजून अडतीस जण आहेत.