पक्षाघातानंतरची दृष्टिहानी आणि मेंदूची पुनर्रचना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मेंदूच्या मागील भागाचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास डोळे निरोगी असूनही माणसाला एका बाजूचे दिसेनासे होते. पहिल्या काही महिन्यांनंतर उरलेले हे अंधत्व कायमचे, असे वैद्यकशास्त्र दीर्घकाळ मानीत आले. ही धारणा कशी दृढ झाली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्वीडनच्या सालोमन हेन्शेन यांनी १८९० च्या सुमारास मृत रुग्णांच्या शवविच्छेदनावरून दृष्टिकेंद्र पश्चखंडातील कॅल्करीन खाचेभोवती असल्याचे दाखविले. परंतु पक्षाघाताची इजा पसरट असते. तीवरून सूक्ष्म नकाशा काढणे कठीण होते. ते कार्य युद्धाने केले. रशिया-जपान युद्धात (१९०४-०५) रशियन रायफलींच्या लहान, वेगवान गोळ्या कवटीतून आरपार जात, तरी अनेक सैनिक बचावत. त्यांची दृष्टिहानी मोजून निवृत्तिवेतन ठरविण्याचे काम तात्सुजी इनोये या तरुण जपानी नेत्रतज्ज्ञाकडे आले. गोळीच्या प्रवेश-निर्गमनाच्या खुणांवरून तिचा मार्ग शोधून त्यांनी १९०९ मध्ये २९ रुग्णांवर आधारित अभ्यास जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. दृष्टीच्या मध्यभागाला मेंदूत फार मोठी जागा मिळते, हे त्यातून स्पष्ट झाले. अर्थात निवृत्तिवेतनाचा प्रश्न 'किती दृष्टी गेली?' एवढाच असतो. आंधळ्या भागात काय उरले आहे, हे विचारण्याचे त्याला कारण नसते.

तो प्रश्न पहिल्या महायुद्धात जॉर्ज रिडॉक यांनी विचारला. स्थिर वस्तू न दिसणाऱ्या भागात काही सैनिकांना हालचाल जाणवते, असे त्यांनी १९१७ मध्ये नोंदविले. गॉर्डन होम्स यांनी १९१८ मध्ये हे मत अमान्य केले. होम्स यांचे नकाशे उत्कृष्ट होते आणि त्यांचा अधिकार मोठा होता. रिडॉक यांचे निरीक्षण त्यामुळे जवळजवळ अर्धशतक बाजूला पडले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९७४ मध्ये लॉरेन्स वाइस्क्रान्त्झ व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेमुळे अर्धे दृष्टिक्षेत्र गमावलेल्या रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'काहीच दिसत नाही' असे सांगणारा हा रुग्ण न दिसणाऱ्या वस्तूकडे अचूक बोट दाखवी. या क्षमतेस 'अंधदृष्टी' हे नाव मिळाले. पुढे पक्षाघाताचे रुग्णही चर्चेच्या केंद्रस्थानी आले. दोन्ही बाजूंची दृष्टिकेंद्रे पक्षाघाताने नष्ट झालेला एक रुग्ण अडथळे चुकवीत मार्गिकेतून चालून गेला, ही नोंद २००८ ची.

याला 'पुनर्रचना' म्हणावे काय? येथे सावधगिरी हवी. ऑक्सफर्डमधील २०१५ च्या अभ्यासात, अंधदृष्टी असलेल्या रुग्णांमध्ये थॅलॅमसपासून गतिसंवेदी क्षेत्राकडे जाणारा थेट मार्ग शाबूत आढळला. ती नसलेल्यांत तो क्षीण वा अनुपस्थित होता. म्हणजे मेंदूने नवा रस्ता बांधला असे नव्हे, जुनी पाऊलवाट वाचली असणेही शक्य आहे. सरावाने काही सुधारणा होते, हे मात्र क्रिस्टेल हक्सलिन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखविले. त्यांनी सरावासाठी हलणारे ठिपकेच वापरले होते, आणि सुधारणा दृष्टिक्षेत्राच्या सराव दिलेल्या भागापुरतीच राहिली.