अग्नीची जागा

तंजावरच्या एखाद्या जुन्या मराठी घरात पाणी तापवण्यासाठी गॅसचा बॉयलर आणायचे ठरले, म्हणजे तो कोणता घ्यावा हा प्रश्न लवकर सुटतो. तो कोठे बसवावा, हा सुटत नाही. वडीलधाऱ्यांना आग्नेय कोपरा हवा असतो, गृहिणीला न्हाणीघरातील भिंत सोयीची वाटते आणि कारागीर, नळ आधीच जेथे आहे तेथे बोट दाखवतो. वाद क्षुल्लक दिसला तरी त्याच्यामागे फार जुना इतिहास आहे. घरात अग्नी कोठे ठेवावा याचा निर्णय प्रत्येक पिढीला करावा लागला आहे, आणि माणसांचे आरोग्य, प्रसंगी प्राणही, त्या निर्णयावर अवलंबून राहिले आहेत.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली व ती १८५५ पर्यंत टिकली. या घराण्यातील दुसरे सरफोजी यांनी १७९८ पासून १८३२ पर्यंत राज्य केले. सरस्वती महाल ग्रंथालय ज्यांच्या विद्याव्यासंगामुळे नावारूपाला आले, ते हेच राजे. त्यांच्या नावाशी निगडित असा 'शरभेंद्र पाकशास्त्र' नावाचा मराठी ग्रंथ आहे. राजवाड्यातील इंग्रजी, ब्राह्मणी आणि मराठी अशा वेगवेगळ्या पाकगृहांतील पदार्थांच्या कृती त्यात दिल्या आहेत. एका वाड्यात तीन तऱ्हांचे स्वयंपाक, म्हणजे चुलीही तीन ठिकाणी. येथे अग्नीची वाटणी आहारभेदाने आणि सोवळ्याओवळ्याने झाली होती. राजाच्या मुदपाकखान्याला हे परवडले. सामान्य गृहस्थापाशी मात्र चूल एक आणि जागा बेताची.

अशा गृहस्थाचा मार्गदर्शक वास्तुशास्त्र होते. अग्नीची दिशा आग्नेय, असे ते सांगते. आग्नेय न साधल्यास वायव्य कोपरा चालतो, असेही परंपरा मानते. या दोन कोपऱ्यांचा तंजावरच्या हवामानाशी पडणारा मेळ लक्षात घेण्यासारखा आहे. कावेरीच्या या सपाट प्रदेशात जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून वारा येतो, आणि ऑक्टोबरपासून ईशान्येकडून. चूल आग्नेय कोपऱ्यात असली, तर नैर्ऋत्येचा वारा तिचा धूर पूर्वेकडे घराबाहेर नेतो. ईशान्येचा वारा तोच धूर दक्षिणेकडून बाहेर काढतो. वायव्य कोपऱ्यातही हेच घडते. नैर्ऋत्य वा ईशान्य कोपऱ्यात चूल मांडली, तर वर्षातील एका पावसाळ्यात धूर साऱ्या घरावरून जातो. शास्त्रकारांच्या मनात हाच हिशेब होता, असे म्हणण्यास आधार नाही. पण त्यांचा नियम पाळणाऱ्याच्या घरात धूर कमी कोंडत असला पाहिजे, एवढे निश्चित.

तंजावरची जुनी घरे बहुधा एकमेकांना भिंती लावून रांगेने उभी असतात. पुढे रस्त्यावर ओटी, मध्ये चौक, मागे स्वयंपाकघर आणि शेवटी विहिरीसह परसू. अशा अरुंद घरात हवा तो कोपरा निवडता येत नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. पण रांगेतील घराचे तोंड कोणत्याही दिशेला असो, त्याच्या मागील दोन कोपऱ्यांपैकी एक आग्नेय तरी असतो किंवा वायव्य तरी. पूर्वाभिमुख व दक्षिणाभिमुख घराला मागे वायव्य मिळते. पश्चिमाभिमुख व उत्तराभिमुख घराला आग्नेय. म्हणजे घराच्या मागील बाजूस, परसाला लागून अग्नी ठेवावा, या व्यवहाराशी शास्त्राचा विरोध येत नाही.

पाणी तापवण्याचा अग्नी तर आणखी मागे सरकला. महाराष्ट्रात ज्याला बंब म्हणतात, त्याच तऱ्हेचे तांब्याचे भांडे तमिळ प्रदेशात बॉयलर या नावाने ओळखले जाते. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी आणि माथ्यावर धुराडे, अशी त्याची सुटसुटीत रचना. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला ऊन पाणी दोन्ही प्रांतांत लागते. पण महाराष्ट्रात तोवर पावसाळा संपत आलेला असतो, तर तंजावरला तो तेव्हा ऐन भरात असतो. म्हणून बंब उघड्यावर ठेवता येत नाही आणि धुरामुळे घरातही सोसवत नाही. परसातील, बाजूंनी मोकळी असलेली पडवी हीच त्याची योग्य जागा.

या साऱ्या पिढ्यांना एक शिक्षक लाभला होता, तो म्हणजे धूर. जागा चुकली की डोळे चुरचुरत, भिंती काळवंडत, खोकला येई. चूक लपून राहत नसे. गॅसने हा शिक्षक काढून घेतला.

लंडनमधील बेंजामिन वॅडी मॉघन याने १८६८ साली गॅसवर तत्काळ पाणी तापवणारे यंत्र तयार केले. आइसलँडमधील उष्णोदकाच्या कारंज्यावरून त्याने त्याला गीझर हे नाव दिले. पाणी क्षणात तापे. परंतु जळलेला वायू बाहेर नेण्यासाठी त्याला धुराडेच नव्हते. निळी ज्योत धूर करीत नाही, तेव्हा धुराडे कशाला, हा समज स्वाभाविक होता आणि घातकही.

अपुऱ्या हवेत जळणारी ज्योत कार्बन मोनॉक्साइड निर्माण करते. या वायूला रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने १८९० नंतरच्या दशकात स्वतःवर प्रयोग करून आणि खाणींतील मृत्यू तपासून त्याची विषारी क्रिया उघड केली. गॅस गळला तर त्यात मिसळलेल्या उग्र वासामुळे तो कळतो. हा वायू मात्र कळत नाही. डोके जड होते, भोवळ येते आणि दाराची कडी काढण्याचे बळही उरत नाही.

हिशेब सोपा आहे. सिलिंडरमधील एक किलो गॅस पुरता जळण्यास सुमारे १३ घनमीटर हवा लागते. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब व अडीच मीटर उंच न्हाणीघरात साडेसात घनमीटर हवा मावते. दार-खिडकी बंद असताना अर्ध्या किलोहून थोडा अधिक गॅस जळला, की तेथील प्राणवायू संपलाच पाहिजे. आणि ज्योत बिघडते ती त्याच्या कितीतरी आधी. गॅस गीझर असलेल्या बंद न्हाणीघरांत भारतात आजवर अनेक जीव गेले आहेत, ते याच कारणाने.

म्हणून तंजावरच्या त्या घरातील वादाचा निर्णय त्याच घराच्या रचनेत शोधावा. बॉयलर परसाकडील पडवीत, बाहेरील भिंतीवर बसवावा. न्हाणीघरात फक्त ऊन पाण्याची नळी न्यावी. नळी लांबते, थोडे पाणी वाटेत निवते, खर्चही वाढतो. पण ही किंमत मोठी नव्हे. जळलेला वायू बाहेर टाकणारे तोंड खिडकीखाली नसावे. सिलिंडरमधील गॅस हवेहून जड असल्यामुळे गळल्यास तो जमिनीलगत साचतो. तेव्हा सिलिंडर खड्ड्यात वा बंद कोनाड्यात ठेवू नये. बॉयलर आतच बसवणे भाग असेल, तर हवा बाहेरून घेणारा व बाहेरच सोडणारा घ्यावा.

असे केल्याने वडीलधाऱ्यांचा कोपरा बहुधा साधतो, आणि वायव्य मिळाले तरी परंपरेला ते मान्यच आहे. धूर दिसत होता तोवर तो कोठे जाईल, हे विचारण्याची आठवण कोणाला करून द्यावी लागत नव्हती. आता तो दिसत नाही, म्हणून ज्योत पेटवण्यापूर्वी तो प्रश्न माणसाने आपण होऊन विचारला पाहिजे.