शिळेवरची बासरी

देवासला आमच्या घरी आजीची ‘हरिविजया’ची पोथी लाल फडक्यात बांधलेली असे. शिळाछाप, कडा कुरतडलेल्या. श्रीधरस्वामींनी १७०२ साली पंढरपुरात रचलेला हा ग्रंथ आजी श्रावणात वाची आणि एका चित्रापाशी थांबे. कदंबाखाली कृष्ण, ओठांशी पावा, भोवती माना वर करून ऐकणाऱ्या गाई. पावा मात्र डाव्या अंगाला. मूर्तींमध्ये मी तो उजवीकडेच पाहिला होता.

याचं उत्तर मला शिळाछपाईत सापडलं. चुनखडीच्या घासलेल्या दगडावर तेलकट शाईनं चित्र काढतात. दगड ओला केला की कोरी जागा पाणी धरते आणि छपाईची शाई फक्त रेघांना चिकटते. कागदावर सारं उलटं उमटतं. मजकूर खास कागदावर लिहून दगडावर उतरवत, म्हणून तो सरळ येई. थेट दगडावर काढलेल्या चित्रात मात्र उजव्याचं डावं होई. मुंबईत १८३१ साली छापखाना काढणाऱ्या गणपत कृष्णाजींनी धार्मिक पुस्तकांसाठी शाईत चरबीऐवजी तूप वापरलं, तेव्हा कुठे छापील पोथी सोवळ्यात चालू लागली.

देवास ज्या माळव्यात आहे, त्याला शिळेवरचं लिखाण नवं नव्हतं. धार शहरात १९०३ साली ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका दगडावर कोरलेली सापडली. तेराव्या शतकात, परमार राजा अर्जुनवर्म्याच्या काळात मदन कवीनं ती रचली. पहिल्या अंकाचं नाव ‘वसंतोत्सव’. चार अंकांपैकी दोनच हाती लागले.

पवार राजांबरोबर मराठी माणसं या मुलखात आली, तशा त्यांच्या पोथ्या आणि त्यांचे उत्सवही आले. देवासच्या थोरल्या पातीचे राजे तिसरे तुकोजीराव गोकुळाष्टमी दिवसचे दिवस करत. १९२१ साली त्यांचा खासगी सचिव असलेल्या इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरनं ती पाहिली आणि ‘द हिल ऑफ देवी’मध्ये लिहून ठेवली. राजा स्वतः देवापुढे नाचत गाई. शेवटी मातीचं गोकुळ तळ्यात सोडत.

१९४८मध्ये गायक कुमार गंधर्व देवासला आले. क्षयानं अंथरुणाला खिळलेल्या त्या वर्षांत माळव्याच्या लोकगीतांचे सूर त्यांच्या कानी पडत राहिले. पुढे त्यांनी त्या धुनांमधून नवे राग उभे केले. पोथीतल्या गाई मान वर करून जसं ऐकतात, तसं ते ऐकणं होतं. आजीच्या चित्रानं मला गाणं शिकवलं नाही. गाणं कसं ऐकावं, ते शिकवलं.

म्हणून एक मागणं. जीर्ण झाली म्हणून पोथी क्षिप्रेत किंवा नर्मदेत सोडू नका. मातीचं गोकुळ पुढच्या वर्षी पुन्हा घडवता येतं. छापखान्यातली शिळा मात्र काम झालं की घासून पुढच्या चित्रासाठी कोरी करत. मूळ तिथेच पुसलं गेलं. उरलं ते तुमच्या घरातल्या फडक्यात. ते फडकं उघडून एकदा पाहा, पानांची छायाचित्रं काढा आणि पोथी कोरड्या जागी जपून ठेवा.