फेरापोंतला ऐकू येत नाही, म्हणून

चेखवचं ‘तीन बहिणी’ वाचलेल्यांना ओल्गा, माशा, इरिना आणि त्यांचं मॉस्को आठवतं. फेरापोंत सहसा आठवत नाही. हा जिल्हा मंडळाचा म्हातारा शिपाई, कागद घेऊन येतो, त्याला कमी ऐकू येतं. बहिणींचा भाऊ आंद्रेई नेमका त्याच्यापाशीच मन मोकळं करतो. कारण सरळ आहे: ज्याला ऐकू येत नाही, त्याला काहीही सांगायला हरकत नसते.

हे नाटक मॉस्को आर्ट थिएटरमध्ये पहिल्यांदा झालं १९०१ साली. तेव्हा कर्णबधिरांबद्दल शिकलेले लोकही असाच विचार करत होते. १८८० मध्ये मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे ठरलं, की शाळांत हातांची भाषा नको, ओठांनी बोलणंच शिकवायचं. १६४ प्रतिनिधींत कर्णबधिर किती होते? एक! पुढे कित्येक दशकं अनेक देशांत मुलांना वर्गात हातांनी बोलायला बंदी होती.

एम.एस्सी. करताना ‘ऐकणं’ म्हणजे कानाचं काम, एवढंच मी शिकले होते. पीएचडीसाठी हा इतिहास वाचायला लागल्यावर विल्यम स्टोकी भेटला. १९६० मध्ये त्याने अमेरिकन सांकेतिक भाषेची फोड करून दाखवली: हाताचा आकार, त्याची जागा, त्याची हालचाल. शब्द जसे ध्वनींचे बनतात, तशा खुणा या घटकांच्या बनतात. म्हणजे हे नुसते हातवारे नाहीत, ही रीतसर भाषा आहे. रशियात तिथल्या सांकेतिक भाषेला कायद्याने भाषा म्हणून मान मिळायला २०१२ चा डिसेंबर उजाडला.

तीनच वर्षांनी, २०१५ मध्ये, सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्क शहरात ‘लाल मशाल’ या नावाच्या थिएटरने ‘तीन बहिणी’ रशियन सांकेतिक भाषेत केलं. दिग्दर्शक तिमोफेय कुल्याबिन. संवाद हातांनी, प्रेक्षकांसाठी पडद्यावर मजकूर. रंगमंच मात्र शांत नाही. खुर्च्या, भांडी, पावलं सगळं वाजत असतं. आणि तोंडाने बोलणारं पात्र एकच: फेरापोंत! मूळ नाटकात ज्याला ऐकू येत नाही, तोच इथे आवाजवाला, आणि एकटा.

यात गंमत केवळ उलटापालटीची नाही. चेखवची माणसं एकमेकांशी बोलतात, पण ऐकत नाहीत, असं आपण नेहमी म्हणतो. बोलीत ते लपून जातं. पाठ केली तरी शब्द कानावर पडतात. सांकेतिक भाषेत समोरच्याने मान वळवली की तुमचं वाक्य तिथेच संपलं. न ऐकणं डोळ्यांना दिसतं.

आता एक खटकणारी गोष्ट. यातले नट स्वतः ऐकू येणारे होते. प्रयोगासाठी ते ही भाषा शिकले. मेहनत मोठीच. पण मॉस्कोत १९६० च्या दशकापासून कर्णबधिर कलाकारांचं व्यावसायिक थिएटर आहे. ही भाषा लहानपणापासून जगलेले नट तिथे होतेच. जगाने टाळ्या वाजवल्या त्या मात्र ती नंतर शिकलेल्यांसाठी.

मिलानच्या निर्णयाबद्दल कर्णबधिर शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१० मध्ये व्हँकुव्हरला खेद व्यक्त केला, १३० वर्षांनी. तेव्हा असा प्रयोग बघाल, तर कौतुक जरूर करा. फक्त आधी बघा, मंचावर कोण आहे आणि कोण नाही. फेरापोंतला कुणी फारसं काही विचारलं नव्हतं.