सुरतेत, 1673: मेहराज ठाकुरांच्या बैठकीत

मराठीत बोलू नका. साल 1673 आहे आणि या शहरात तुमच्या भाषेची धास्ती आहे. नऊ वर्षांपूर्वी शिवाजी महाराज येऊन गेले, तीन वर्षांपूर्वी पुन्हा. गेल्या वर्षी मोरोपंत पिंगळ्यांनी रामनगर घेतलं आणि सुरतेकडे चौथाई मागितली गेली. तेव्हा कोणी गाव विचारलंच, तर बऱ्हाणपूर सांगा आणि चालू लागा.

तापीकाठच्या जकातघरापाशी कापडाचे गठ्ठे, निळीच्या पेट्या आणि हजला निघालेली माणसं एकाच धक्क्यावर खोळंबली आहेत. गुजराती, फारसी, अरबी, सगळं एकदम कानावर येतं. तिथून आत वळा, आज ज्याला सैयदपुरा म्हणतात त्या बाजूला. गाणं ऐकू येईल, त्या दारात चपला काढा.

कोणी जात विचारत नाही. हात जोडून ‘प्रणाम’ म्हणतात, तुम्हीही म्हणा. बाया आणि पुरुष एकत्र बसले आहेत, बायांमध्ये विधवाही आहेत. यावरूनच मोठं भांडण झालंय. प्रणामी पंथाचे गुरू देवचंद्र यांच्या पश्चात जामनगरची गादी त्यांच्या मुलाकडे, बिहारीजींकडे गेली. विधवांना आणि खालच्या मानलेल्या जातींना मंत्र देऊ नका, असं त्यांचं म्हणणं होतं, असं पंथाची परंपरा सांगते. समोर बसलेल्या गृहस्थांनी ते मानलं नाही.

हे मेहराज ठाकूर, पुढे प्राणनाथ म्हणून ओळखले जाणारे. जन्म 1618, जामनगरच्या दिवाणाच्या घरातला. अरबस्तानात राहून आलेले, मस्कत आणि बंदर अब्बास पाहिलेले. जामनगरच्या कैदेत असताना त्यांना पदं सुचू लागली. आता सुरतेतल्या सतरा महिन्यांच्या मुक्कामात ‘कलश’ हा ग्रंथ आकाराला येतोय, गुजरातीत.

नीट ऐका. त्यांच्या आधीच्या पदांत शेवटी नाममुद्रा येते ती ‘इंद्रावती’. पुरुषाने सखीच्या नावाने गावं यात तुम्हाला नवल वाटणार नाही, एकनाथांच्या गौळणी तुमच्या कानात आहेत. पण या मंडळींना ते सोंग वाटत नाही. आपण सारे परमधामातल्या सख्या, संसाराचा खेळ बघायला आलो आणि बघता बघता झोपलो, असं ते खरोखर मानतात. व्रज झालं, रास झाला, आता तिसरी लीला जागणीची. म्हणून एकमेकांना ‘सुंदरसाथ’ म्हणतात.

याच शतकात तिकडे तुर्कस्तानात, अनातोलियाच्या खेड्यांत, अलेवी-बेक्ताशी मंडळीही बायापुरुष एकत्र बसून साज नावाच्या तंतुवाद्यावर अलीची गाणी गातात. कवीचं नाव तिथेही शेवटच्या कडव्यात येतं. दोघांची ओळख असण्याचं कारण नाही. पण पोथीपेक्षा गाण्यावर उभा राहिलेला पंथ बायांना बाहेर ठेवू शकत नसावा, असं मला वाटतं. गायला गळे लागतात.

प्राणनाथांच्या पदांत पुढे कुराण येणार आहे, पण त्याची इथे घाई करू नका. प्राणनाथांना ‘सर्वधर्मसमभावाचे’ संत म्हणून टाकणं फार सोपं आहे. त्यांचा दावा त्याहून धाडसी होता: भागवत आणि कुराण, दोन्हींतलं गुपित आपल्यालाच उलगडलं आहे. तो दावा सुरत सुटल्यावर पुढे आला. 1674 मध्ये, रायगडावर राज्याभिषेक झाला त्या साली, ही मंडळी शहर सोडतात. राजस्थानातल्या मेडत्यात बांग ऐकून प्राणनाथ थबकतात. त्यानंतरच्या ‘सनंध’ या ग्रंथात कुराण येतं आणि भाषा बदलते: सगळ्यांना सोपी म्हणून हिंदुस्तानी. 1678 च्या सुमारास बारा शिष्य ती पदं दिल्लीत औरंगजेबाच्या कानावर घालायला जातात आणि कैदेत पडतात.

सुरतेचं मंगलपुरी धाम आजही पंथाच्या तीन मोठ्या स्थानांपैकी एक आहे. तिथे सिंहासनावर मूर्ती नसते, प्राणनाथांच्या वाणीचा ‘कुलजम स्वरूप’ हा ग्रंथ असतो. त्यात 18,758 चौपाया आहेत. गांधीजींची आई पुतळीबाई याच पंथातली.

आणि 1683 मध्ये प्राणनाथांना जो मोठा शिष्य मिळाला, तो म्हणजे शिवाजी महाराजांना भेटून आलेला छत्रसाल बुंदेला. त्याच्या मदतीला 1729 मध्ये बाजीराव धावला. पुढे बाजीरावासोबत पुण्यात आलेली मस्तानी छत्रसालाच्या घरी याच प्रणामी वातावरणात वाढली, असं मानलं जातं. पुण्याने तिची गणती सरळ मुसलमानांत केली.