कॉसमॉस: कुंपणाच्या आत आणि बाहेर

कॉसमॉसचे मूळ घर मेक्सिको. तेथून माद्रिदच्या राजोद्यानात पोचलेल्या या झाडाचे १७९१ मध्ये कावानिल्येस या धर्मगुरू वनस्पतिशास्त्रज्ञाने नामकरण केले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुव्यवस्था, आणि अलंकारही. ही सुव्यवस्था उत्तरेच्या हवेत मात्र चालेना. रात्री लांबू लागल्या की फुलायचे, हा मेक्सिकोतला शिरस्ता. थंड प्रदेशांत तोवर हिमतुषार पडू लागत. म्हणून बागवानांनी लवकर फुलणारे वाण निवडले. त्यांतल्या ‘सेन्सेशन’ला १९३६ मध्ये अमेरिकेत पारितोषिक मिळाले. जपानने उलट त्याचे शरदात फुलणेच आपलेसे केले आणि त्याला ‘शरदातली चेरी’ म्हटले.

आमच्या पुण्याच्या आणि मेक्सिको शहराच्या अक्षांशांत जेमतेम एका अंशाचा फरक. दोन्हीकडे पावसाळ्यामागून कोरडा काळ येतो. त्यामुळे परसात हौसेने पेरलेला पिवळा कॉसमॉस येथे टेकड्यांवर पसरला आणि स्थानिक रानफुलांची जागा अडवू लागला. जेथे माळ्याला कष्ट पडले, तेथे कॉसमॉस बागेतच राहिला. जेथे पडले नाहीत, तेथेच बी धरण्यापूर्वी फुले खुडण्याचे कष्ट आता आम्ही घ्यायला हवेत.