चोरीला काय जातं?

शनिवारी रात्री 'पायरेट्स ऑफ सिलिकॉन व्हॅली' पुन्हा एकदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, एका सीनियरच्या हार्ड डिस्कवरून. चाच्यांवरचा सिनेमा चोरून बघतोय, यातली गंमत तेव्हा कळली नव्हती :-)

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १९९९ साली टीएनटी या अमेरिकन चॅनेलसाठी काढलेला हा सिनेमा. ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट कशा उभ्या राहिल्या त्याची गोष्ट. नोआ वाइली झालाय स्टीव्ह जॉब्ज आणि अँथनी मायकल हॉल बिल गेट्स. शेवटाकडे दोघांचं कडाक्याचं भांडण होतं. तू माझं चोरलंस, असं जॉब्ज ओरडतो. त्यावर गेट्सचं म्हणणं साधारण असं, की झेरॉक्स नावाचा एक श्रीमंत शेजारी होता, त्याच्या घरात चोरी करायला आपण दोघंही शिरलो. फक्त मी आधी पोचलो!

हॉस्टेलवर या सीनला आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. धडाही घेतला होता. जो आधी उचलतो तो राजा. कोड काय, कोणीही लिहितो.

आता नोकरीत काही वर्षं काढल्यावर हाच सीन खटकला. म्हणून रविवारभर खरं काय झालं ते वाचत बसलो.

झेरॉक्सने १९७० मध्ये पालो आल्टो इथे 'पार्क' नावाचं संशोधन केंद्र काढलं. तिथे १९७३ मध्ये 'आल्टो' हा कॉम्प्युटर तयार झाला. स्क्रीनवर खिडक्या, हातात माउस. (माउससुद्धा त्यांचा नव्हे बरं का! डग्लस एंगलबार्टने तो १९६८ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोला जाहीर प्रयोगात दाखवला होता.) १९७९ च्या डिसेंबरमध्ये जॉब्ज आपली माणसं घेऊन पार्कमध्ये आला. पण भिंतीवरून उडी मारून नव्हे. ॲपलचे शेअर बाजारात यायच्या आधीच झेरॉक्सला १ लाख शेअर सुमारे १० लाख डॉलरला मिळाले होते, आणि त्याच व्यवहाराच्या ओघात ही भेट ठरली. पार्कमधल्या ॲडेल गोल्डबर्गने दाखवायला साफ नकार दिला. तिला वरून हुकूम आला, मग तिचा नाइलाज झाला. म्हणजे दार मालकानेच उघडलं. विरोध केला तो घर बांधणाऱ्या बाईने.

आता यातला माझा सगळ्यात आवडता भाग. त्या दिवशी जॉब्जबरोबर बिल ॲटकिन्सन नावाचा इंजिनिअर होता. खिडक्या एकमेकींवर पडलेल्या असताना मागच्या खिडकीचा जेवढा तुकडा दिसतोय, तेवढ्यातच चित्र बदलत राहतं, असं त्याने पार्कमध्ये पाहिलं. म्हणजे पाहिलं असं त्याला वाटलं! प्रत्यक्षात पार्कच्या सिस्टिमला ते जमतच नव्हतं. मागची खिडकी पुढे आणल्याशिवाय ती बदलायची नाही.

ॲटकिन्सनला हे ठाऊक नव्हतं. त्यांना जमलंय म्हणजे आपल्यालाही जमेल, असं धरून तो बसला आणि 'रीजन्स' नावाची पद्धत शोधून काढली. वेड्यावाकड्या आकाराचा तुकडासुद्धा झटपट रंगवता यावा म्हणून. तेही 'लिसा'च्या ५ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर! लिसाचं काम चालू असताना त्याच्या गाडीला भीषण अपघात झाला. जॉब्ज धावत हॉस्पिटलमध्ये गेला, तर हा पठ्ठ्या म्हणतो, काळजी करू नकोस, रीजन्स अजून माझ्या लक्षात आहेत.

जी गोष्ट त्या घरात नव्हतीच, ती चोरणार कशी? कल्पना बघून येता येते. ती चालवून दाखवायला कोणाला तरी रात्री जागाव्याच लागतात. सिनेमाचं एक समजू शकतो. दोन तासांत भांडण दाखवता येतं, डोकं खाजवत बसलेला माणूस दाखवणं कठीण. पण म्हणूनच भांडणारे दोघं सगळ्यांना माहीत, आणि ॲटकिन्सन २०२५ च्या जूनमध्ये गेला तेव्हा माझ्या टीममध्ये कोणाला पत्ताही नव्हता. मलाही नव्हता.

हे सगळं आज लिहायला कारण आहे. शुक्रवारी एका ज्युनियरने मला त्याची नवी स्क्रीन दाखवली. दुसऱ्या एका ॲपमध्ये आहे तशीच, पण आपल्या जुनाट डेटाबेसवर न अडखळता चालणारी. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हे तिकडचंच उचललंयस ना रे?" सगळे हसले. तोही हसला. नंतर त्याच्या कमिटच्या वेळा पाहिल्या. चार रात्री, पहाटे तीनपर्यंत.

असो. उद्या सोमवार. आधी त्याला सॉरी म्हणायचंय, तेही सगळ्यांसमोरच. मग त्याच्याशेजारी बसून तो कोड नीट वाचायचाय.